पावसाळ्यात अडणारी दारं : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

आयटीआयमध्ये शिल्प निदेशक म्हणून मी सुतारकाम शिकवलं. त्यातली काही वर्षं कोकणात गेली, काही विदर्भात. दोन्हीकडची दारं पावसाळ्यात अडतात, पण कारणं निरनिराळी असतात. या वेळच्या टपालात बहुतेक पत्रं याच तक्रारीची आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले. सगळ्यांना एक विनंती : आपल्या दाराचं दुखणं नेमकं कोणतं ते कळेपर्यंत रंध्याला हात लावू नका. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

प्रश्न : गुहागरचं आमचं घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, सगळी दारं सागवानी. मे महिन्यात उन्हाने जीव नकोसा होतो तेव्हा ती अलगद उघडतात आणि जून संपता संपता माजघराचं दार खांदा लावून ढकलावं लागतं. नातू म्हणतो, उष्णतेने वस्तू प्रसरण पावतात. मग उन्हाळ्यात दार का अडत नाही?
*– एक गृहिणी, गुहागर*

उत्तर : नातू शाळेत शिकला ते खरं आहे, फक्त लाकडाच्या बाबतीत त्याचा परिणाम नगण्य असतो. सागाची १०० मिलिमीटर रुंदीची पट्टी १० अंशांनी तापली तर तिची रुंदी केसाच्या जाडीइतकीसुद्धा वाढत नाही. उलट तापलेल्या लाकडातली ओल उडून जाते आणि ते आकसतं. ताई, तुमचं दार उष्णतेमुळे फुगत नाही, हवेतल्या दमटपणामुळे फुगतं.

झाड तोडून, कापून, वाळवून, दार होऊन शंभर वर्षं झाली तरी लाकूड हवेतली वाफ घेतं आणि परत देतं. लाकडाच्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या बारीक तंतूंच्या असतात. पाण्याचे रेणू त्या तंतूंच्या मध्ये शिरतात, तंतू एकमेकांपासून दूर सरकतात आणि लाकूड रुंद होतं. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी भिंतींमध्ये मावतं. त्याहून जास्त पाणी आलं तर ते पेशींच्या पोकळीत साठतं. त्याने वजन वाढतं, आकार वाढत नाही.

घरातल्या लाकडात किती ओल राहील हे हवेची सापेक्ष आर्द्रता ठरवते, म्हणजे हवा जितकी वाफ धरू शकते तिच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे ते. आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड ६ टक्के ओलीवर स्थिरावतं, ६५ टक्क्यांना सुमारे १२ वर आणि ९० टक्क्यांना २० च्या आसपास. तुमच्याकडे मे महिन्यात घामाच्या धारा लागतात, तरीही तापलेल्या हवेची वाफ धरून ठेवण्याची ताकद मोठी असल्यामुळे सापेक्ष आर्द्रता जुलैपेक्षा बरीच खाली असते. जुलैत मात्र आठवडेच्या आठवडे ती ८५-९० टक्क्यांच्या घरात राहते. हिवाळ्यात ११ टक्क्यांच्या आसपास असलेली दाराची ओल तेव्हा १९ कडे सरकते.

ही वाढ कोणत्या दिशेला होते ते फार महत्त्वाचं आहे. लांबीच्या दिशेला, म्हणजे रेषांच्या दिशेला, लाकूड जवळजवळ वाढतच नाही. दोन मीटर उंचीचं दार अख्ख्या पावसाळ्यात मिलिमीटरभरही उंच होत नाही. रुंदीला मात्र साग ओलीच्या प्रत्येक टक्क्यामागे साधारण ०.२ टक्के वाढतो. फळी कशी कापली आहे त्यावर हा आकडा बदलतो. खोडाच्या मध्यातून किरणांसारखी कापलेली फळी याच्या निम्मीच हलते.

आता तुमच्या माजघराच्या दाराकडे बघा. दोन उभ्या पट्ट्या, तीन-चार आडव्या आणि मध्ये पातळ पॅनेल, अशी त्याची बांधणी असणार. आडव्या पट्ट्यांची लांबी वाढत नाही, म्हणून त्या दाराची रुंदी वाढवत नाहीत. पॅनेल फुगतं, पण ते खाचेत मोकळं बसवलेलं असतं, आतल्या आत सरकतं. राहिल्या दोन उभ्या पट्ट्या, प्रत्येकी सुमारे १०० मिलिमीटर रुंद. दोघींची मिळून २०० मिलिमीटर रुंदी, ओलीत ८ टक्क्यांची वाढ, हिशेब सव्वातीन मिलिमीटरपर्यंत जातो. दोन्ही बाजूंच्या फटी मिळून तीन मिलिमीटरच असतील तर दार अडलंच. नुसत्या फळ्या एकमेकींना पक्क्या चिकटवून केलेलं ९०० मिलिमीटरचं दार याच हिशेबाने सेंटिमीटरभराहून जास्त फुगलं असतं. ज्या कारागिरांनी पॅनेल खाचेत मोकळं सोडायची पद्धत बसवली त्यांना ही टक्केवारी ठाऊक नव्हती, पण लाकडाची चाल त्यांनी अचूक ओळखली होती. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच पॅनेलच्या खाचेत फेव्हिकॉल भरणारा किंवा पॅनेलला चुका मारणारा कारागीर दिसला की मी त्याला तिथेच थांबवतो. मोकळीक संपली की पॅनेल तरी तडकतं, नाहीतर चौकटीचे सांधे उघडतात.

लाकूड ओल सावकाश घेतं आणि सावकाशच सोडतं. तीस-पस्तीस मिलिमीटर जाडीच्या दाराला हवेशी जुळवून घ्यायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून पाऊस जुलैत सर्वांत जास्त पडला तरी दारं सर्वांत घट्ट होतात ती गणपतीच्या सुमाराला, आणि दिवाळीनंतर सैल पडतात.

आता काय करायचं ते सांगतो. खांदा लावणं आजपासून बंद करा. चौकटीत दाबलं गेलेलं ओलं लाकूड आतल्या आत चिरडतं, जानेवारीत ते मूळ मापापेक्षाही बारीक होतं आणि फट पडते. शिवाय बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले होतात ते वेगळंच. चौकटीच्या आतल्या कडेला खडू फासा, दार हळूच लावून उघडा. दारावर जिथे खडू उमटेल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. पावसाळ्यातलं काम एवढंच. त्या जागी कोरडी मेणबत्ती घासली तर दार सुरळीत सरकेल. साबण नको, तो स्वतः दमट होतो. खोबरेल तेलही नको. त्यावर धूळ बसून चिकटा तयार होतो आणि पुढे रंग धरत नाही.

दिवाळीनंतर, शक्य झालं तर जानेवारीत, दार उतरवा आणि त्याची वरची आणि खालची कड बघा. शंभरातल्या नव्वद घरांत या दोन कडांना रंगाचा हात लागलेला नसतो असं मी म्हणेन, कारण दार टांगलेलं असताना रंगाऱ्याचा ब्रश तिथे पोचत नाही. उभ्या पट्ट्यांची तोंडं, म्हणजे आडवी कापलेली टोकं, तिथेच उघडी असतात आणि लाकूड तोंडाकडून जितकी ओल ओढतं ती बाजूच्या पृष्ठभागाच्या कित्येक पट असते. या दोन्ही कडांना प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या. रंग ओल पूर्ण अडवत नाही, पण तिचा वेग इतका कमी करतो की चार महिन्यांच्या पावसात दार टोकाला पोचतच नाही. बऱ्याच घरांत एवढ्यावर भागतं आणि रंध्याची गरज पडत नाही. रंग कोरड्या दिवसांतच द्यायचा. ओल्या दाराला रंग दिला तर ओल आत कोंडली जाते आणि रंगाला फोड येतात.

प्रश्न : नागपूरला नवीन घर बांधलं. बल्लारशाच्या डेपोतलं सागवान आणून दारं करून घेतली, मे महिन्यात बसवली. फट कुठे दिसत नव्हती, इतकं सुबक काम होतं. जुलैच्या शेवटी चार दारं अडली. सगळे म्हणतात लाकूड कच्चं होतं, सुताराने फसवलं. त्याची अर्धी मजुरी मी रोखून ठेवली आहे.
*– निवृत्त शिक्षक, नागपूर*

उत्तर : गुरुजी, मजुरी देऊन टाका. कच्चं म्हणजे ओलं लाकूड बसवल्यानंतर आकसतं, त्याच्या सांध्यांत फटी पडतात. तुमच्याकडे उलटं घडलं आहे. लाकूड वाळलेलं होतं, मेमध्ये ते आणखी वाळलं आणि त्या अवस्थेत अगदी चपखल बसवलं गेलं.

कोकण दमट म्हणून तिथली दारं जास्त हलत असतील असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात वर्षभरातला चढउतार विदर्भात मोठा असतो. नागपूरला मे महिन्यात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते, लाकडाची ओल ६ टक्क्यांपर्यंत उतरते. ऑगस्टमध्ये हवा ८० टक्के दमट आणि लाकूड १६ कडे निघालेलं. म्हणजे फरक १० टक्क्यांचा, आणि गुहागरच्या दारात तो ८ चा. तुमच्या दाराच्या दोन पट्ट्यांमागे हा हिशेब ४ मिलिमीटरपर्यंत पोचतो. पुण्याचं हवामानही याच जातीचं, एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडं आणि ऑगस्टमध्ये ओलं.

भारतीय मानक आयएस २८७ मध्ये देशाचे हवेच्या दमटपणानुसार चार विभाग केले आहेत आणि कोणत्या विभागात दाराखिडक्यांच्या लाकडात किती ओल चालेल ते दिलं आहे. कोरड्या मुलखाला कमी, किनाऱ्याला जास्त. ते वर्षाच्या सरासरीवर बेतलेलं असतं. मेमध्ये दार बसवणाऱ्या सुताराने त्या सरासरीच्या पलीकडे जाऊन ऑगस्टचा विचार करायचा असतो, म्हणजे फट मोठी ठेवायची. चूक झाली असेल तर एवढीच, आणि तिच्यात तुमचा-आमचाही वाटा आहे. फट दिसली की आपणच काम ओबडधोबड म्हणतो.

एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाडीचं असतं. मेमध्ये बसवलेल्या दाराला कुलपाच्या बाजूला तीन कार्डं एकत्र सहज सरकली पाहिजेत, बिजागरीच्या बाजूला दोन. ऑगस्टमध्ये बसवत असाल तर दोन्हीकडे एकेक कार्ड पुरे, कारण दार तेव्हा आधीच फुगलेलं असतं. तुमच्या चारही दारांवर आत्ता खुणा करून ठेवा आणि त्याच कारागिराला डिसेंबरमध्ये बोलवा. खुणेपुरता रंधा मारून त्याच दिवशी कडा रंगवून घ्या. दुसरा सुतार आणू नका, ज्याने दार घडवलं त्याला त्याच्या पट्ट्या कशा कापल्या आहेत ते माहीत आहे.

प्रश्न : २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, दारं दीड दिवस पाण्यात होती. नंतर ती बंदच होईनात म्हणून ऑगस्टमध्ये तासून घेतली. आता उन्हाळ्यात बोट जाईल एवढी फट असते. दारं बदलावीत का?
*– दुकानदार, चिपळूण*

उत्तर : लाकूड भरीव आणि सांधे घट्ट असतील तर अजिबात बदलू नका. पाण्यात बुडालेलं लाकूड जितकं फुगू शकतं तितकं फुगलेलं होतं आणि नेमकं त्या मापाला ते तासलं गेलं. पुराच्या घाईत, घर उघडं टाकता येत नसताना, दुसरं काय करणार होतात? आता दाराच्या बिजागरीच्या कडेला जुन्या सागाची पट्टी जोडून घ्या. कुलपाच्या बाजूला नको, तिथे लॅच पुन्हा कोरावं लागेल. पट्टीच्या रेषा उभ्या हव्यात आणि तिचं लाकूड दाराइतकंच जुनं आणि वाळलेलं हवं. चिकटवायला पाण्याला टिकणारं गोंद वापरा.

पुन्हा कधी पाणी आलंच, तर दारं उतरवून सावलीत, खाली दोन फळकुटं ठेवून आडवी सपाट ठेवा, दोन्ही बाजूंनी वारा लागू द्या. उन्हात टाकली तर एक बाजू आधी वाळून दार पन्हळीसारखं वाकतं. आणि फ्लश डोअर (दोन्ही बाजूंनी सपाट, प्लायचं दार) किंवा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं दार बुडलं असेल तर त्याच्यावर खर्च करू नका. भुश्याचा बोर्ड एकदा फुगला की वाळूनही मूळ जाडीवर येत नाही.

प्रश्न : आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमधलं बेडरूमचं दार फ्लश डोअर आहे, प्लायचं. प्लाय फुगत नाही असं सांगून विकलं होतं. पावसाळ्यात दार कुठे घासत नाही, पण लॅच लागत नाही. वरचा कोपरा चौकटीच्या बाहेर राहतो. रात्रभर एसी चालू असतो.
*– आयटी कर्मचारी, ठाणे*

उत्तर : विकणाऱ्याने सांगितलं ते बऱ्याच अंशी खरं होतं. प्लायमध्ये एकावर एक थरांच्या रेषा आडव्या-उभ्या असतात, प्रत्येक थर शेजारच्याला धरून ठेवतो, म्हणून रुंदीला ते फारसं वाढत नाही. तुमचं दार फुगलेलं नाही, वाकलं आहे.

एसीच्या खोलीतली हवा कोरडी आणि बाहेर पॅसेजमध्ये जुलैची दमट हवा. दाराची आतली बाजू आकसते, बाहेरची ताणते आणि दार आतल्या बाजूने खोलगट होतं. त्यातून अनेक घरांत सनमायका फक्त दर्शनी बाजूला लावतात आणि मागची बाजू नुसती रंगवतात. सनमायकाच्या बाजूने ओल शिरत नाही, मागून शिरते. मग वाक आणखी वाढतो. तुमच्या दाराला दोन्ही बाजूंनी सनमायका आहे का ते आधी पाहा. नसेल तर पाऊस संपून दार सरळ झाल्यावर मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीचा लावून घ्या. दोन्हीकडे असेल तर मधोमध तिसरी बिजागरी बसवा. तोवर चौकटीतली लॅचची लोखंडी पट्टी दोन मिलिमीटर सरकवून काम भागवा. इथे रंध्याचं काहीच काम नाही. वाकलेल्या दाराची कड तासली तर लॅच तसाच राहील आणि फट मात्र कायमची पडेल.

प्रश्न : परभणी जिल्ह्यात आमचं घर काळ्या मातीवर आहे. लाकडी दारांचं जाऊ द्या, मागचं लोखंडी दारसुद्धा दर पावसाळ्यात अडतं आणि उन्हाळ्यात मोकळं होतं. लोखंड तर ओल पीत नाही. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरकी भेगही आहे.
*– शेतकरी, परभणी जिल्हा*

उत्तर : दादा, लोखंडी दाराचं लिहिलंत हे फार चांगलं केलंत, निदान त्यातच आहे. तुमच्या दाराला काही झालेलं नाही, चौकट वाकडी होते आहे. दख्खनच्या काळ्या खडकापासून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडेपर्यंत आकसते. पाया उथळ असेल तर घराचा एक कोपरा पावसाळ्यात वर उचलला जातो आणि भिंत तिरकी ताणली जाते. भिंतीत दार हीच सर्वांत अशक्त जागा, म्हणून भेग तिथूनच निघते.

खात्री करून घ्या. चौकटीच्या एका वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत टेपने मोजा, मग दुसरा कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. पाच-सहा मिलिमीटरचा फरक आला तर चौकट कलली. उभ्या बाजूला ओळंबाही लावून बघा. हेच माप मे महिन्यात पुन्हा घ्या आणि भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने तारीख घाला.

उपाय दारावर करायचा नाही, पाण्यावर करायचा. पत्र्याचं पाणी पन्हाळीने घेऊन पायापासून लांब सोडा. घराभोवती चारही बाजूंनी तीन-चार फूट रुंदीचा बाहेर उतार असलेला कोबा करा. न्हाणीचं सांडपाणी भिंतीलगत मुरू देऊ नका. पायाजवळची माती वर्षभर सारख्याच ओलीची राहिली तर हालचाल निम्म्याने तरी कमी होते, हे मी विदर्भातल्या घरांत पाहिलं आहे. भेग दरवर्षी लांबत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच, खर्चाकडे बघू नका. मुलगा शेजारी नवीन घर बांधणार असेल तर अशा मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असणारे पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब, असतात, त्यांची चौकशी करा. ते फुगणाऱ्या थराच्या खाली जाऊन घर धरून ठेवतात.

प्रश्न : सर, मी आयटीआयला सुतारकाम ट्रेडला आहे, आमच्या बॅचमध्ये मी एकटीच मुलगी. गावातले लोक दार अडलं की मला बोलावतात. रंधा कुठल्या बाजूला मारायचा यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो.
*– प्रशिक्षणार्थी, कुडाळ*

उत्तर : बाळा, गाव तुला बोलावतं हे वाचून फार आनंद झाला. आता नीट ऐक. रंधा पेटीतच ठेव आणि आधी स्क्रूड्रायव्हर काढ.

दार अर्धं उघडून कुलपाच्या बाजूने हाताने वर उचल. बिजागरी हलली तर स्क्रू ढिले आहेत. अशा दाराचा कुलपाकडचा वरचा कोपरा चौकटीला घासतो, खालचा कोपरा फरशीला, आणि वरच्या बिजागरीपाशी फट रुंदावलेली दिसते. लोक याला फुगलेलं दार म्हणतात, पण हे लोंबलेलं दार आहे. वरच्या बिजागरीचे स्क्रू काढ, भोकांत सागाच्या काड्या गोंद लावून ठोक, वाळल्यावर कडेला सपाट काप आणि जुन्यापेक्षा लांब स्क्रू लाव. पन्नास मिलिमीटरचा असेल तर उत्तम. निम्मी दारं इथेच मोकळी होतात.

खरोखर फुगलेलं दार उंचीभर सारखं घासतं. तिथे रंधा लागेल, पण पावसाळ्यात खूण आणि कोरड्या दिवसांत काम, हा क्रम सोडू नकोस. ओलं लाकूड रंध्याखाली केसाळ उठतं, पातं नवीन असलं तरी. फरक दोन मिलिमीटरच्या आत असेल तर बिजागरीच्या कडेने काढ. बिजागरीचे खाचे तेवढेच खोल करावे लागतील, पण लॅचला धक्का लागत नाही आणि दर्शनी कड तशीच राहते. त्याहून जास्त असेल तर दोन्ही कडांनी वाटून काढ. कुलपाची कड सरळ नव्वद अंशांत ठेवू नकोस. दार लावताना जी धार चौकटीत आधी शिरते ती दीड-दोन मिलिमीटर कमी कर, म्हणजे कड किंचित उतरती होईल. एवढ्या उताराने कमी लाकूड काढूनही दार सुटतं, नवीन मुलं हे हमखास विसरतात.

वरची किंवा खालची कड तासायची झाली तर दोन्ही टोकांकडून मध्याकडे ये. तिथे उभ्या पट्ट्यांची तोंडं असतात. रंधा सरळ आरपार नेलास तर पलीकडच्या टोकाची चिलपी उडेल. आणि तासलेली कड उघडी ठेवून घरी परत यायचं नाही. प्रायमरचा छोटा डबा पेटीत असू दे. लोक रंगवतो म्हणतात आणि विसरतात.

गावात अजून कोणाकडे जुनं शिवणीचं लाकूड पडलेलं दिसलं तर ते जपून ठेवायला सांग. ते हवेबरोबर फार कमी हलतं, दाराच्या पॅनेलला त्याच्यासारखं लाकूड नाही. फणस दिसायला सुंदर, पण वाळवायला वेळ द्यावा लागतो.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. इथे पाऊस तर बारमाही, तरी दारं फक्त जुलै-ऑगस्टमध्येच का अडतात?
*– एक वाचक, एडिसन*

उत्तर : तुमच्याकडे हिवाळ्यात हीटिंग चालतं. बाहेरच्या गोठलेल्या हवेत वाफ मुळातच थोडी, ती घरात येऊन तापली की आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते आणि दारं ५ टक्क्यांपर्यंत वाळतात. उन्हाळ्यातल्या दमट दिवसांत ती ११-१२ वर जातात. म्हणजे नागपूरचंच गणित, ऋतू बदलून. तळघरात डीह्युमिडिफायर चालवा. तासायचं असेल तर ऑगस्टमध्ये खूण करा आणि फेब्रुवारीत खुणेपुरतंच काढा.

प्रश्न : सासूबाई मालवणला एकट्या असतात, वय ८१. बाथरूमचं लाकडी दार पावसात इतकं घट्ट होतं की परवा त्या आत अर्धा तास अडकल्या. शेजारणीने धक्का देऊन सोडवलं. तुम्ही नेहमी दिवाळीपर्यंत थांबा म्हणता, म्हणून विचारते.
*– एक सून, मुंबई*

उत्तर : ताई, या दारासाठी थांबू नका. आज फोन करून सुताराला बोलवा आणि भर पावसात, ओलं असलं तरी, कुलपाच्या बाजूने चांगलं चार मिलिमीटर तासून घ्या. हिवाळ्यात फट दिसेल, दिसू दे. आतली कडी आजच काढून टाका. त्याऐवजी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येतं असं लॅच हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते बसवा.

पाऊस ओसरल्यावर हे दार कायमचं बदला. रोजच्या अंघोळीची वाफ आणि खालून उडणारं पाणी, यात कितीही चांगलं लाकूड घातलं तरी ते दरवर्षी फुगणार. बाथरूमला पीव्हीसी किंवा फायबरचं दार घ्या. ओलीने ते फुगत नाही, फक्त घेताना पातळ पोकळ घेऊ नका, बिजागरीपाशी आत भरीव पट्टी असलेलंच मागा. आणि दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करून घ्या. आतमध्ये म्हातारं माणूस घसरून दाराशी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगावर अडतं आणि मदतीला आलेल्याला उघडता येत नाही. चौकट तीच राहते, बिजागऱ्या दुसऱ्या कडेला घेऊन पट्टी फिरवायची, सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. नवीन दार येईपर्यंत शेजारणीकडे घराची एक किल्ली ठेवा आणि सासूबाईंना अंघोळीला जाताना दार नुसतं लोटून घ्यायला सांगा.